हिरवं लुगडं, जांभळा पटका आणि दर्याकाठची राहुटी

चहा संपवून घ्या आधी. पुढे हसताना कुणाच्या धोतरावर सांडला तर माझ्या नावाने ओरड नको. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. आणि फजितीही साधीसुधी नव्हे, अख्खा समुद्र चालून आला होता माझी फजिती करायला!

तुम्ही म्हणाल, मास्तर, आपण गोदाकाठची माणसं, आपला समुद्राशी संबंध काय? अहो, तेच तर म्हणतोय मी. संबंध नव्हता म्हणूनच हे सगळं झालं!

आपल्या तलवाड्याहून समुद्र गाठायचा म्हणजे नगरपर्यंत बैलगाडी, तिथून मुंबईपर्यंत आगगाडी, आणि पुढे आगबोट. निजामाची मोगलाई सोडून इंग्रजी हद्दीत शिरायचं, ते वेगळंच. एवढा खटाटोप माणूस उगीच करील का?

त्याचं असं झालं. माझी बायको सरू गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. मी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, पोरांना जुगराफिया शिकवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुगराफिया म्हणजे भूगोल, पण उर्दू पुस्तकातला. संध्याकाळी मी घरी धडा वाचत बसलो की सरू चुलीपाशी भाकरी थापता थापता विचारायची, "समुद्र केवढा असतो वो?" मी पुस्तकातलं उत्तर वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "तसा नगं. डोळ्यानं दाखवा." मी म्हणायचो, "पुढच्या सुट्टीत."

पुष्कळ पुढच्या सुट्ट्या आल्या आणि गेल्या. एकदा पैठणहून तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. बाईने नेसलंच नाही! "समुद्राला जाताना नेसीन," म्हणाली आणि पेटीत ठेवलं. घडी कधी मोडलीच नाही.

लगेच मान खाली घालू नका हो. मी हसवायलाच सांगतोय.

तर वर्षश्राद्धाच्या आधी सासूबाई चकलांब्याहून आल्या. सरळ पेटी उघडली, लुगडं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "मास्तर, हे समुद्राला देऊन यायचं. पोरीची तेवढीच आस राहिली. तुमी येता, का मी एकलीच जाऊ?"

सरू होती तोवर त्या मला 'जावईबापू' म्हणायच्या. ती गेली आणि माझा 'मास्तर' झाला. वर्षभरात त्या माझ्याशी जेवढं बोलल्या त्यात हे सगळ्यात लांब बोलणं. मनात एवढंच ठरवलं, की हे एक काम तरी बिनचूक करायचं. लुगडं मानाने, हळदकुंकू वाहून, सासूबाईंच्या हातून समुद्राला गेलं पाहिजे.

बरोबर माझा मेव्हणा निवृत्ती निघाला. राबता गडी, मनाने सोनं, पण तोंड म्हणजे उघडी मोट. मला दाजी म्हणतो. देशमुखांकडून त्यांची शिकारीची राहुटी मागून आणली, म्हणजे परक्या गावात कुणाच्या ओसरीवर पडायला नको. कामं वाटून घेतली. ओझं निवृत्तीने वाहायचं, स्वयंपाक सासूबाईंनी करायचा, आणि राहुटीची जागा निवडायची मी. का? तर "दाजी शिकलेले हायेत."

आणि डोक्याला माझा तो जांभळा पटका. हो, तोच! नोकरी लागली तेव्हा हौसेने घेतलेला. सरूला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. "डाकेच्या हरकाऱ्यावाणी दिसता. टाकून द्या की वो त्याला." पण मास्तर माणसाने बायकोच्या सांगण्यावरून पटका बदलला तर पोरं काय म्हणतील?

चैत्रातल्या अमावास्येला भल्या सकाळी हरेश्वराजवळच्या एका बंदरात आगबोटीने आम्हाला पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवलं. समुद्राला एरवी शिवू नये, पर्वणीलाच शिवावं, म्हणून सासूबाईंनी अमावास्या धरली होती. काठ चंद्रकोरीसारखा वळलेला. पाणी पार लांब गेलेलं. आणि मध्ये वाळूचं सपाट, कडक, ओलसर मैदान. अहो, शेणाने सारवलेलं खळं जसं! खडा नाही, काटा नाही, विंचू नाही.

आता तुम्हीच सांगा, गोदावरीच्या यात्रेला आपण काय करतो? गाड्या थेट वाळवंटात घालतो, बैल सोडतो, तिथेच पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खणतो, तिथेच चूल मांडतो. उन्हाळ्यात उतरलेलं पाणी मृगापर्यंत परतत नाही, हे आपलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी वाळूला हात लावून पाहिला. ओली होती. म्हणजे पाणी नुकतंच उतरलं होतं. उतरायला लागलं म्हणजे आता उतरतच जाणार! बरोबर की नाही?

"इथेच ठोका," मी म्हणालो.

निवृत्ती म्हणाला, "दाजी, वर त्या माडाखाली टाकू की. सावली हाय."

"आणि नारळ डोक्यात पडला म्हणजे?"

"मंग पटका कशाला बांधलाय?"

मी लक्ष दिलं नाही. मेखा ठोकायला सुरुवात केली. तेवढ्यात काठावरून एक गृहस्थ उतरत आले. खांद्यावर उपरणं, हातात तांब्या. गावातले भटजी.

"कुठचे तुम्ही?"

"मोगलाईतले. बीडकडचे."

"असं होय. राहुटी इथे नका ठोकू. वर आमच्या अंगणात ठोका."

मी मनात म्हटलं, आलं! क्षेत्राच्या ठिकाणी यात्रेकरू दिसला की हे लोक घरी ओढतात. पण शिकलेला माणूस असा हाती लागत नाही, महाराज!

"का? ही जागा कुणाच्या मालकीची आहे का?"

"आहे. समुद्राच्या."

"मग त्याची हरकत असली तर तो येऊन सांगेल की!"

"सांगेल. दुपारी येतो तो."

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारी पाणी चढतं इथे."

मी आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ, निळं. "भटजीबुवा, चैत्र चालू आहे. ढगाचा एक ठिपका नाही. पाणी येईल कुठून?"

भटजी गोंधळले. "ढगाचा काय संबंध?"

"वर पाऊस झाल्याशिवाय पाणी कधी चढतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पटक्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि तांब्या सांभाळत निघून गेले. तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. कोकणातला माणूस नुसतं 'बरं' म्हणून निघून गेला की आपण सामान आवरायला घ्यावं!

राहुटी उभी राहिली. मी झिरा खणला. हातभर खणला नाही तोच पाणी! "बघा," मी म्हणालो, "जागा निवडावी तर अशी."

सासूबाईंनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकल्या. "खारट हाय की वो!"

"पहिलं पाणी तसंच असतं. उपसलं की गोडं लागतं."

निवृत्ती उपसायला बसला. उपसतोय, उपसतोय. जेवढं काढावं त्याच्या दुप्पट भरतंय! "दाजी, झिरा लई नामी हाय. खालून वर यायलाय." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! शेवटी गावातल्या विहिरीवरून दोन घागरी आणवल्या, पण झिऱ्याची तारीफ काही मी थांबवली नाही.

सासूबाईंनी तीन दगड मांडून चूल पेटवली. पुरण शिजत घातलं. नैवेद्य झाला की लुगडं द्यायचं, असं ठरलं. लुगड्याचं गाठोडं मी स्वतः राहुटीत नेलं. वारा होता, फडफडू नये म्हणून त्यावर काहीतरी बांधायला हवं. डोक्याचा पटका काढला आणि गाठोड्याभोवती घट्ट गुंडाळला. म्हटलं, आता कुठे जात नाही.

मग मी राहुटीच्या दाराशी, समुद्राकडे तोंड करून जरा लवंडलो. पाणी मघापेक्षा जवळ दिसत होतं. मला वाटलं, ऊन चढलं की तसं दिसत असेल. आपल्याकडे नाही का उन्हात मृगजळ दिसत!

"मास्तर," सासूबाईंचा आवाज आला, "माझी पाठ भिजायलीय."

मी वळलो. आमच्या मागे, गाव आणि आमच्यामध्ये, जिथे सकाळी कोरडी घळ होती, तिथे पाणी! समोरून नाही हो, मागून! समुद्राने आधी वाट अडवली आणि मग समोरून आला, एखाद्या मुरलेल्या फौजदारासारखा. बघता बघता चूल चुर्र झाली. पुरणाचं पातेलं उचललं गेलं आणि डुलत डुलत निघालं, थेट आगबोटीच्या थाटात. निवृत्ती त्याच्यामागे.

"पुरण सोड बे!" मी ओरडलो. "आईंना धर!"

"आन् हे पाणी कुठून आलं, दाजी? ढग तर न्हाईत!"

गुडघाभर पाण्यात उभा असताना माझ्या तोंडून आपोआप धडा बाहेर पडला. मद्द-ओ-जजर, म्हणजे भरती-ओहोटी! चाँद की कशिश से समंदर का पानी दिन में दो बार चढता है और उतरता है। अहो, हा धडा मी दर वर्षी शिकवतो! घडाघडा म्हणून घेतो! पुस्तकातलं ते पाणी म्हणजे हेच ओलं, खारट, धोतरात शिरणारं पाणी, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"काय पुटपुटताव दाजी? मंतर हाय का?"

"धडा आहे."

"मंग मला कशाला सांगताव? पाण्याला सांगा की!"

निवृत्तीने आईला पाठीवर घेतलं आणि घळ ओलांडली. मी मात्र मागे वळलो. लुगडं राहुटीत होतं. मांडीपर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत. राहुटी एका बाजूला कलली, मेखा सुटल्या, आणि आतून गाठोडं तरंगत बाहेर आलं. जांभळा पटका मला अगदी स्पष्ट दिसत होता. हात लांब केला. बोटं लागली. तेवढ्यात एक लाट आली आणि गाठोडं पलीकडे गेलं. मी आणखी पुढे.

काठावरून हाक आली. अशी हाक, की अजून कानात आहे.

"जावईबापू! माघारी फिरा! पोरगी गेली, आता जावई बी घालवू का मी?"

मी थांबलो. पुढच्या लाटेने गाठोडं नेलं. मी रिकाम्या हाताने परत फिरलो.

काठावर भटजी उभे होते. आम्हा तिघांना त्यांनी अंगणात नेलं, बसायला घोंगड्या दिल्या, त्यांच्या घरच्यांनी गरम भात वाढला. आम्ही जेवत असताना एवढंच विचारलं, "सांगून गेला का मालक?"

मी भातात तोंड घातलं.

ना हळद, ना कुंकू, ना नैवेद्य. एका पोरीची एक आस, तीही मी अशी वाहवून टाकली. मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे..." तर म्हणाल्या, "जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा लांब गेलेलं. काल काही घडलंच नाही असा चेहरा करून! राहुटी एका खडकाला अडकलेली सापडली. निवृत्तीने सगळा काठ पालथा घातला, पण लुगडं कुठेच नाही. सासूबाई वाळूत बसून नुसत्या पाण्याकडे पाहत होत्या.

तेवढ्यात भटजी आले. हातात काहीतरी ओलं, लांबलचक, शेवाळ लागलेलं. "होडी बांधायच्या खुंटाला अडकलं होतं. तुमचंच ना हे?"

माझा जांभळा पटका! गाठ सुटलेली. आत काहीच नव्हतं.

सासूबाईंनी तो हातात घेतला. पिळला. झटकला. एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा माझ्या उघड्या डोक्याकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडणार. पुढे झालो, तर बाई हसत होत्या! पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"बघा जावईबापू," त्या म्हणाल्या, "लुगडं ठिवून घेतलं. आन् ह्यो हरकाऱ्याचा पटका तेवढा माघारी धाडला! माझीच पोर हाय ती!"

निवृत्ती म्हणाला, "दाजी, आता तर समुद्रानं बी न्हाई म्हटलं!"

तर मंडळी, डोक्याला हा पांढरा रुमाल कधीपासून बांधायला लागलो, असं विचारत होता ना तुम्ही? तेव्हापासून. सरूने संसारभर सांगून जे झालं नाही, त्याला अख्खा समुद्र लागला. आणि त्यालाही माझं डोकं ठिकाणावर आणायचं जमलं नाही, नुसता पटकाच बदलता आला!