हजेरीपटावरची लाल शाई

शेवटच्या वर्षाच्या वर्गात पटावर एक्केचाळीस नावं होती आणि बाकावर एक मुलगी. इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या दक्षिणेला, कालव्याकाठच्या त्या गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. ऑक्टोबर सरता सरता मुली शाळा सोडून खाजगी क्लासच्या जिन्यावर रांगा लावत. शाळेत बाई सगळ्यांच्या नावापुढे निळ्या शाईने 'हजर'ची खूण करत, मुख्याध्यापिका खाली सही करत, आणि वर्ष बिनबोभाट पार पडे.

रसायनशास्त्राच्या राविया बाईंनीही वीस वर्षं निळी शाईच वापरली होती.

बाकावर बसणारी मुलगी साबरीन. तिची आई पुलावर जर्जीरच्या पालेभाजीच्या जुड्या विकायची, बाप ऊस तोडायला जायचा. क्लास तिला परवडण्यातला नव्हता. ती रोज तिसऱ्या बाकावर बसे. पुढे ये म्हटलं तर म्हणे, "नको बाई, पुढे बसलं की मागे कुणी नाही हे फार जाणवतं."

शिपाई शहाताकाका तास सुरू झाला की दोन पेले चहा आणून ठेवत. "अख्ख्या वर्गाला चहा पाजणारी शाळा दाखवा मला या जिल्ह्यात," म्हणत आणि स्वतःच हसत.

राविया मात्र एका मुलीसाठीही फळा काठोकाठ भरायची. साबरीनला समीकरण जुळलं की ती आधी ओठ मिटून घ्यायची आणि मग हळूच हसायची. घरी गेल्यावर तांदूळ निवडताना रावियाला ते हसू आठवायचं. बाकीचे तास स्टाफरूममध्ये भिंतीकडे बघत काढायचे. त्यातून निभावून न्यायला एवढं पुरत होतं.

त्या वर्षी खाजगी क्लासवाल्या हम्मामचं चित्र टुकटुक रिक्षांच्या पाठीवर झळकलं. कधीकाळी राविया बाईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत नळ्या धुणारा हा पोरगेला शिक्षक आता कोट घालून, हाताची घडी घालून उभा होता. खाली लिहिलं होतं, 'रसायनशास्त्राचा सुलतान'.

तो रस्त्यात भेटला तेव्हा अदबीने थांबला. "बाई, माझ्याकडे या ना. चारशे मुलं बसतात, माईक आहे. तुमच्यासारखं शिकवणं कुणाला जमतं?"

"माझी पोरं माझ्याकडे येतील, हम्माम."

"येतील की," तो म्हणाला. "लग्नाची आमंत्रणं घेऊन."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, म्हणूनच ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून लाल शाईचं पेन काढलं आणि चाळीस नावांपुढे 'गैरहजर' लिहिलं. पुढेही रोज तेच लिहीत राहिली. सलग पंधरा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीचं नाव पटावरून कमी होतं, असा नियमच होता. फक्त तो कुणी कधी वापरला नव्हता. रावियाला वाटलं, नावं कमी व्हायची वेळ आली की आईबाप घाबरतील, मुली परततील, बाक भरतील.

मुख्याध्यापिका मदाम इनायत यांनी पट बघून चष्मा काढला. "राविया, ही काय आग लावलीस?"

"खरं आहे तेच लिहिलंय."

"खरं सगळ्यांनाच माहीत आहे गं. लिहायची काय गरज होती?"

कमी करायच्या नावांची यादी शिक्षण खात्याला कळवायची ती जानेवारीत. आणि नववर्षाच्या सुट्टीनंतर साबरीनही यायची बंद झाली.

पहिले दोन दिवस राविया दाराकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी शहाताकाकांनी एकच पेला आणला. आठव्या दिवशी हम्मामच्या क्लासच्या जिन्यावर तिला साबरीनसारखीच तपकिरी शाल दिसली, आणि तिच्या मनाने निकाल देऊन टाकला. गेली. हीही गेली. कुठून तरी पैसे उभे केले असतील. पुलापर्यंत दहा मिनिटांची वाट होती, पण ती विचारायला गेली नाही. एक्केचाळिसाव्या नावापुढे लाल अक्षरं लिहिताना तिचं पेन कागदात रुतलं.

तिचेही पंधरा दिवस भरले आणि यादी गेली. आठवडाभरात चाळीस मुलींचे बाप शाळेत येऊन गेले, आणि एकानेही आवाज चढवला नाही. प्रत्येकाच्या हातात डॉक्टर बुत्रुस यांचा दाखला होता. कुणाला कावीळ, कुणाला पाठदुखी, एका बापाच्या तर जुळ्या मुलींना एकाच तारखेला मोडलेला घोटा. सगळं एकाच हस्ताक्षरात. मदाम इनायतनी चाळीस शिक्के मारले आणि चाळीस नावं पटावर परत आली. मुली अर्थातच क्लासला होत्या.

पटावर आडवी रेघ ओढलेलं नाव एकच राहिलं.

रेघ बघितल्यावर राविया पुलावर गेली. साबरीन आईच्या जागेवर बसली होती, जुड्यांवर पाणी शिंपडत. तपकिरी शालीचं टोक भिजलं होतं. आई घरी होती, सुट्टीतच मोटारसायकलने उडवल्याने मांडीचं हाड मोडलेलं.

"मला कळवायचं नाही का गं?" राविया म्हणाली.

"मला वाटलं तुम्ही विचाराल," साबरीन म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मग तिनेच सावरून घेतलं, "आई बरी झाली की येणारच होते बाई."

"चल उद्या. तुझ्या बाबांना सही करायला घेऊन ये, मी मदामशी बोलते. दाखलाही मिळेल. तुझ्या घरचं दुखणं तरी खरं आहे."

"बाबांना शाळेतून चिठ्ठी आली. कुणाकडून तरी वाचून घेतली त्यांनी. म्हणाले, सरकारनेच नाव काढलं ना, मग संपलं." तिने एक जुडी उचलून खाली ठेवली. "आधी ते माझ्या शाळेसाठी सगळ्यांशी भांडायचे. आता भांडायचं कुणाशी?"

राविया तिच्या घरी तीनदा गेली. बापाने दरवेळी चहा दिला, बाई म्हणून मान दिला, आणि मान हलवून नकार दिला. चौथ्यांदा दार साबरीननेच उघडलं. "आता नका येऊ बाई. तुम्ही गेल्यावर ते दोन दिवस गप्प असतात, आणि आई रडते."

फेब्रुवारीत राविया वर्गात गेली, खडू उचलला आणि फळ्यावर तारीख लिहिली. त्यापुढे काय लिहायचं ते तिला सुचेना. तास संपेपर्यंत ती तिसऱ्या बाकावर बसून राहिली. शहाताकाका पेला घेऊन आले, दारातच थांबले आणि तसेच परत गेले.

मुदतीआधी निवृत्ती घ्यायची तर वैद्यकीय दाखला लागतो. मदाम इनायतनी रावियाचा अर्ज हातात घेतला, आणि थांब म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बुत्रुसकडे जा. तो त्रास देत नाही."

दवाखान्यात दोन मुली बसल्या होत्या. राविया बाईंना बघताच उठून उभ्या राहिल्या. त्यांची नावं तिला पटावरून पाठ होती, चेहरे ती ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच बघत होती.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. दाखल्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"काय लिहू बाई? पाठ, गुडघे, घसा? शिक्षक लोक बहुतेक घसाच लिहून नेतात. ओरडून ओरडून बसतो ना."

साबरीन गेल्यापासून वर्गात तिने एक शब्दही उच्चारला नव्हता.

"घसाच लिहा," राविया म्हणाली.