दाराला लिंबाची डहाळी

उसाच्या ट्रॉलीवर दोर आवळताना आमच्या मालकांचा, म्हणजे सासूबाईंच्या लेकाचा, पाय सटकला आणि ते डोक्यावर पडले. बारामतीच्या दवाखान्यात स्कॅन केला. मेंदूभोवती रक्त पसरलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन लागणार नाही, रक्त हळूहळू जिरेल. नुसता मार असता तर लवकर उठले असते. रक्तानं मेंदू चिडलाय, म्हणून वेळ लागेल. उजेड नको, गडबड नको. झोप फार वाढली किंवा उलट्या झाल्या तर लगेच आणा."

कळसला, आमच्या गावी, घरी आल्यावर मी खिडकीला जुनं लुगडं लावलं आणि आत बसले. पण माणसं बघायला येतच राहिली. नारळ, बिस्किटाचा पुडा घेऊन खाटेभोवती बसायची.

"काय गड्या, वळखलंस का? सांग बरं, मी कोण?" चुलत सासरे मोठ्यानं विचारायचे.

"उसाआधी सवताच उतरला की खाली!" दुसरं कोणी म्हणायचं, आणि सगळे हसायचे.

मालक आठवायला बघायचे, मग डोकं धरून भिंतीकडे वळायचे. थोरल्यांपुढं मी कधी तोंड उघडलेलं नाही. पदर ओढून चहा करत राहायचे. सासूबाईंना हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आल्या माणसाला जा म्हनू व्हय?"

एका सकाळी मालकांनी हातानं तांब्या दाखवला. पाणी हा शब्द त्यांना सापडेना. आदल्या दिवशी तो येत होता.

मी परड्यातल्या कडुलिंबाची डहाळी तोडली आणि चौकटीत खोचली. कांजण्या आल्या की आमच्याकडं दाराला लिंब लावतात, मग बाहेरचं कोणी उंबरा ओलांडत नाही.

शेजारीण अंगणातच थांबली. "कुनाला आल्या गं?"

मी डहाळी परत नीट खोचू लागले. सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी डहाळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दोघांस्नीबी," त्या म्हणाल्या. "नारळ तितंच ठिव."

तेव्हापासून मीही आतच. कांजण्या आलेल्या बाईनं नळावर जायचं नाही, रानात दिसायचं नाही. सासूबाई पाणी भरून दारात ठेवतात. दाराच्या फटीतून उजेड येतो, तिथं बसून लिहिते. मालक झोपले की त्यांचा श्वास ऐकते. झोप जास्त झाली का, हे कोणाला विचारू?

आज त्यांनी "पाणी" म्हटलं. मी तांब्या त्यांच्या ओठाला लावला.

बाहेर डहाळी वाळली होती. सासूबाईंनी ताजी लावली. चुलत सासऱ्यांचा आवाज आला, "आता तरी येऊ का आत?"

"नगा," सासूबाई म्हणाल्या. "आजून खपल्या धरल्या न्हाईत."