राणी पहिल्याच ओळीत मरते

वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मी जुन्या परीकथा नव्यानं लिहिते. माझ्या राजकन्या कुणाची वाट बघत बसत नाहीत, असं लोक कौतुकानं म्हणतात. मी मान डोलावते. ज्या पोरीला मी अशी पहिली गोष्ट सांगितली, तिला मात्र वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

दुष्काळाची वर्षं होती. छावणी भागातली भाड्याची खोली सोडून आम्ही शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आलो होतो. पिशोरच्या मामाची विहीर आटली, तशी त्यानं आपली तेरा वर्षांची लेक शाळेसाठी आमच्याकडे ठेवली. मी सतराची, आणि नुकती कॉलेजात गेल्यानं दीडशहाणी.

उन्हाळ्यात मामाचं कार्ड आलं. मामीला बरं नाही, पोरीची सारखी आठवण काढते, रविवारी न्यायला येतो. रविवारी ती वेणी घालून, पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसली. टँकर यायचा होता म्हणून मीही घागरी घेऊन शेजारी बसले. वेळ जाईना, तशी म्हटलं, गोष्ट सांगते.

"दिवसा नको ताई," ती म्हणाली. "दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

आमच्याकडे लहानपणी सगळ्यांनाच हे सांगतात. कामाच्या वेळी पोरांनी गोष्टीसाठी मागे लागू नये, एवढाच त्यातला मतलब. पण माझा मामा म्हणजे तिचा बाप. मी हसले, तिला अडाणी म्हणाले आणि सुरू केलं. एक राणी होती, ती मेली.

"आई नको ना मारू."

"आई मेल्याशिवाय राजकन्या घराबाहेर पडेल कशी?" मी म्हणाले. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. राजपुत्र काढून टाकला, सावत्र आईला शहाणं केलं, राजकन्येला एकटीला दूरदेशी धाडलं. टँकर आला, गेला. मामा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन निघणार, तोच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन आला. मामी पहाटे गेली होती.

आम्ही पिशोरला पोहोचलो तेव्हा सगळे लेकीसाठीच खोळंबले होते. मामा आईला म्हणाला, "काल आलतो मी. लई हिंडलो. मागं आलतो तवा तुमची एकच रांग व्हती, म्होरं माळ. आता समदीकडं तसलीच घरं. कुणाला इचारावं तर म्हणं, आमीच नवीन. हिकडं ही एकटी, म्हणून दुपारच्या गाडीनं माघारी फिरलो."

तिनं ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

गोष्टीनं कुणी वाट चुकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. महिन्याला एक नवी रांग उभी राहत होती, त्यात कुणीही चुकलं असतं. पण वसाहतीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले असते, तर मामा मला दिसला असता. मी गोष्ट रंगवत बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

ती मला एका शब्दानं बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दिवाळीला येते, हसते, माझी पुस्तकं घेऊन जाते. गेल्या खेपेला भर दुपारी तिची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, एखादी गोष्ट सांग ना," म्हणाली. मी तोंड उघडणार तोच आतून तिला हाक आली. ती गेली ती आलीच नाही, म्हणून काय काम निघालं ते बघायला मी आत डोकावले. काम काहीच नव्हतं. तिच्या आईनं तिला नुसतं जवळ बसवून घेतलं होतं.