ओकादा-सानचं गाणं आणि माझी मान

हसा तुम्ही, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. माझ्या स्वतःच्या मानेनं माझी नोकरी घालवायची वेळ आणली होती, त्याची ही गोष्ट.

इथे परदेशात, वन-नॉर्थ भागात आमचं ऑफिस. त्या महिन्यात सगळं एका जपानी कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर अडलं होतं. ते मिळालं तर आमची टीम राहणार, नाहीतर माझा इथे काम करायचा पास रिन्यू होणार नव्हता. पास गेला की वुडलँड्सचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परत.

कंपनीचे ओकादा-सान सही करायला आले होते. साठीचे, अगदी हळू बोलणारे. सही सकाळी, आणि आदल्या संध्याकाळी कॅराओके. माझी बॉस मेलिंग हिनं मला दारातच बजावलं, "ते त्यांचं आवडतं गाणं म्हणतील. तू फक्त ऐक. जास्त बोलू नकोस, ओके?"

ते गाणं मला पाठ होतं. जुनं जपानी प्रेमगीत, पण त्याची इतकी कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांनी गायलेली रूपं, झालीत की इथल्या कॉफीशॉपमधल्या आजोबांना ते चिनीच वाटतं. आठवडाभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी तेच ऐकत होतो. मूळ गाणं, एका बाईंनी गायलेलं कव्हर, मँडरिन कव्हर. शब्द एक कळत नव्हता, पण सूर कळतो की. तानसेन नसलो तरी कानसेन आहोत आपण.

इथेच घात झाला. ऐकायला मला बाबांनी शिकवलं, घरगुती मैफलींत पुढे बसवून. चांगली जागा आली की डोळे मिटायचे, चेहरा पिळवटायचा, मान डावी-उजवीकडे हलवायची आणि जिभेनं 'च् च् च्' करायचं. ही आपली दाद. समोरच्या जपानी माणसाला ती कशी दिसेल, याचा विचार मी केला होता का? नाव नको.

ओकादा-सान उभे राहिले. अहो, काय गळा! पहिल्याच ओळीच्या शेवटी त्यांनी असा सूर लावला की माझी मान आपोआप हलली. "च् च् च्..."

गाणं थांबलं. ते माझ्याकडे बघून कमरेत वाकले. "सॉरी. परत सुरू करतो."

मला वाटलं, काय हा विनय. पुन्हा तीच ओळ, आधीपेक्षा सरस. मी कपाळाला हात लावून मान हलवली. पुन्हा थांबले. रुमालानं घाम पुसला.

मेलिंगनं टेबलाखाली माझ्या पायावर टाच रोवली. "काय चाललंय तुझं?"

"ऐकतोय."

"मान हलवून तू नाही-नाही म्हणतोयस."

सावरायला म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "ओकादा-सान, फार सुंदर. मला त्या बाईंच्या कव्हरची आठवण झाली."

झालं, आगीत तेल. त्यांना वाटलं, याला कव्हरच हवंय. त्यांनी रिमोटवर पट्टी चढवली आणि बाईंच्या पट्टीत गायला लागले. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. आणि काय सांगू, तेही सुरेल. मी दोन्ही हातांनी हनुवटी घट्ट धरली, तर मान हातांसकट हलली.

त्यांनी माइक अलगद टेबलावर ठेवला.

शेवटी मेलिंग उठली आणि त्याच गाण्याचं मँडरिन कव्हर गायला लागली. आता मी शहाणा झालो होतो. ताठ बसलो, डोळे उघडे, आणि प्रत्येक ओळीला मान वर-खाली, वर-खाली. ते अवघड नव्हतं. मान आपणहून आडवी हलावी असं तिच्या गाण्यात काही नव्हतंच.

ओकादा-सान माझ्याकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "चिनी कव्हर तुम्हाला आवडलं. मूळ गाणं मी बिघडवलं. सहीचं मी टोकियोला विचारून कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते मला कळलं. मी उठलो, हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. "आमच्याकडे गाणं काळजाला भिडलं की मान अशी आडवी हलते. थांबवता येत नाही. जो ताठ बसून हो-हो करतो, त्याला गाणं आवडलेलं नसतं. तो बिचारा शिष्टाचार पाळत असतो."

ओकादा-सान पुढे झुकून म्हणाले, "म्हणजे तिन्ही वेळा...?"

"तिन्ही वेळा."

त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "सकाळी सही करू." मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात पाठीमागून मेलिंगचा आवाज आला. "एक मिनिट. माझ्या गाण्याला तू मान वर-खाली हलवत होतास ना?"

माझा पास रिन्यू करायला पुढे पाठवायचा की नाही, हे तीच ठरवते. मी तिथल्या तिथे डोळे मिटले, चेहरा पिळवटला आणि जोरजोरात मान आडवी हलवायला लागलो, पण गाणं केव्हाच संपलं होतं.