यादीतली आठवी ओळ

पॉवर सप्लाय मी बदलला होता. मुलीने यादीत एक लिहिला होता, मी दुसराच आणला, आणि तो जळल्यावर दोष तिच्यावर ढकलला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे गेलो की मी स्वतःसाठी सबबी शोधायला लागतो. ती माझी जुनी खोड आहे.

माझी मुलगी त्या वर्षी बारावीनंतर घरी राहून ॲनिमेशनच्या प्रवेशाची तयारी करत होती. प्रवेशासाठी स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ पाठवायचा होता, आणि त्यात तिला दीड मिनिटाची एक फिल्म टाकायची होती. फिल्म आमच्या फरीदाबादच्या कॉलनीतल्या माकडांवर होती. पाण्याच्या टाकीवर राहणारं एक कुटुंब, आणि त्यातली एक माकडीण जिला उडी मारायची भीती वाटते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिचं एकेक दृश्य तयार व्हायला अर्धा दिवस लागायचा आणि तेवढ्यात लॅपटॉप तापून बंद पडायचा.

तिला हवा तसा तयार कॉम्प्युटर आम्हाला परवडत नव्हता. "मग पार्ट्स आणून मीच जोडते," ती म्हणाली. आईने विचारलं, "तुला येतं?" तर म्हणाली, "आई, यार, शिवणयंत्र पण तू बघूनच शिकलीस ना."

दोन महिने ती यादी करत होती. वहीच्या मधल्या जोडपानावर आठ ओळी. डावीकडे वस्तू, मग भाव, आणि उजवीकडे 'का' असा एक रकाना. भाव पेन्सिलीने लिहिलेले, कारण ते रोज हलत होते. रॅमचे तर असे वाढत होते की ती सकाळी उठून आधी तेच बघायची आणि जेवताना घास हातात धरून सांगायची, "बाबा, अजून चारशेने वाढली." मग कुठेतरी काहीतरी खोडायचं. ग्राफिक्स कार्ड खोडलं, त्यापुढे 'का'मध्ये लिहिलं: 'आत्ता नाही. नोकरी लागल्यावर.' केबिनेटपुढे: 'सगळ्यात साधं. आत बघायला कोण येणार आहे.' शेवटची, आठवी ओळ पॉवर सप्लायची होती, म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज देणाऱ्या पेटीची. तिथला भाव तिने एकदाही खाली आणला नाही. मला ते खटकलं होतं. एवढीशी पत्र्याची पेटी, आणि तिला एवढे पैसे? उजवीकडचा रकाना मात्र मी वाचला नाही.

मी सरकारी कार्यालयात खरेदी विभागात आहे. सव्वीस वर्षं एकच काम: तीन दरपत्रकं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, कागदावरचे गुण सारखे असले की सगळ्यात कमी दराची वस्तू घ्यायची. जास्त दराची घेतली तर लेखी कारण द्यावं लागतं, कमी दराची घेतली तर कोणी काही विचारत नाही. आमच्या कार्यालयातल्या खुर्च्या वर्षभरात डुगडुगायला लागतात, पण त्यांच्या फायली निर्दोष असतात. हा नियम माझ्या हातात इतका मुरला आहे की मी भाजीसुद्धा तशीच घेतो.

खरेदीला आम्ही दोघं जाणार होतो. नेमकी त्या शनिवारी ती तापाने पडली. सोमवारी भाव आणखी वाढतील म्हणून तिने यादीचं पान फाडून माझ्या खिशात घातलं. "जे लिहिलंय तेच, बाबा. बिल्कुल तेच. नसेल तर फोन करा."

दिल्लीला नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानात, खोडलेलं ग्राफिक्स कार्ड सोडून, वरच्या ओळींतल्या सगळ्या वस्तू तंतोतंत मिळाल्या. आठव्या ओळीशी आल्यावर दुकानदाराने दुसरा खोका पुढे सरकवला. "सर, ये ले लीजिए. वॉट उतने ही हैं, दाम आधे से भी कम." मी दोन्ही खोके शेजारी ठेवून वाचले. आकडा खरंच तोच होता. माझ्या डोक्यात तक्ता तयार झाला, आणि त्या तक्त्यात कुठेही 'का' नव्हतं.

मी फोन केला नाही. ती झोपली असेल, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की तिने 'नको' म्हटलं असतं.

वाचलेल्या पैशांतून मी साध्या केबिनेटऐवजी काचेचं घेतलं, आत रंगीत दिवे असलेलं. तिला आवडेल असं वाटलं, हे खरं आहे. पण अमरावतीच्या माझ्या मोठ्या भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवता येईल, हेही तेव्हाच मनात आलं होतं. त्याच्या मुलाकडे असंच दिव्यांचं काहीतरी आहे.

घरी येऊन म्हणालो, "तो पॉवर सप्लाय आता येत नाही. त्याच्या जागी हाच देतात. आणि केबिनेट त्यानेच त्या भावात दिलं." ती अंगावर पांघरूण घेऊनच उठून बसली होती. खोका उलटसुलट करून बघितला. "पक्कं ना, बाबा?"

"अगं, मी रोज हेच काम करतो."

हे ऐकून तिने खोका खाली ठेवला. बाबांना कोण फसवणार, अशी तिची समजूत होती.

तिने दोन दिवस लावून कॉम्प्युटर जोडला. मी बाजूला वेताच्या मोढ्यावर बसून होतो. वायरी तिने पाठीमागून अशा फिरवल्या होत्या की पुढून एकही दिसत नव्हती. सुरू झाला तेव्हा तिची आई रडली आणि मी दादाला कॉल लावला. दादा म्हणाला, "वा रे पठ्ठी! आता आमचा टीव्हीबी तूच दुरुस्त कर."

पाच-सहा आठवडे ठीक गेले. मग एका दुपारी फिल्मचं मोठं दृश्य तयार होत असताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. दोन दिवसांनी परत. ती प्रोग्रॅम तपासत बसली, पंखे पुसले, रॅम काढून पुन्हा बसवली. मी कार्यालयातून आलो की आधी तिच्या खोलीतला पंख्याचा आवाज ऐकायचो. येत असला तर चपला काढायचो. आमच्याकडे दिवसातून दोन-चारदा लाइट जाते, आणि परत येताना ट्यूब फडफडते. त्या फडफडीबरोबर माझी नजर आधी तिच्या खोलीच्या दाराकडे जायची. मला माहीत नव्हतं असं मी अजूनही म्हणू शकतो. पण माहीत नसलेल्या गोष्टीची इतकी भीती वाटत नाही.

एका संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, त्या पॉवर सप्लायचं नाव नेटवर सापडतच नाहीये. कुठलंच टेस्टिंग नाही."

"नवीन कंपनी असेल," मी म्हणालो आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कप अर्धा भरलेला होता.

पोर्टफोलिओ पाठवायला अकरा दिवस राहिले असताना, रविवारी सकाळी, लाइट गेली आणि आली. खोलीतून 'टप्प' असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. मी धावलो. ती खुर्ची मागे ढकलून भिंतीला टेकून उभी होती. काचेच्या आतले दिवे विझले होते.

तिने माझ्याकडे बघितलं. तिने काही विचारायच्या आत मी बोललो, "तू काहीतरी चुकीचं जोडलं असशील."

एवढंच वाक्य. मला ते परत घेता आलं असतं. त्या क्षणी, दुपारी जेवताना, कधीही. पण ती लगेच म्हणाली, "हो, रॅम बसवताना मी जोर लावला होता. आणि त्या दिवशी हातमोजे नव्हते," आणि स्वतःच स्वतःचे गुन्हे शोधायला लागली. आरोपीने कबुली दिल्यावर मी गप्प बसलो.

तिची आई एवढंच म्हणाली, "इतके दिवस चाललंच ना? मग आज कसं चुकलं?" मी म्हणालो, "असं होतं कधीकधी." दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मी हसत सांगितलं, "पोरीने कॉम्प्युटर जाळला." हसत सांगितलं, कारण हसलं की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

मंगळवारी रजा टाकून मी कॉम्प्युटरची ती काचेची पेटी मेट्रोने नेहरू प्लेसला नेली. ती येते म्हणाली, मी नको म्हणालो. पेटी मांडीवर होती, काचेत माझा चेहरा दिसत होता, म्हणून मी ती फिरवून घेतली. दुरुस्तीच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या कारागिराने पॉवर सप्लाय काढला, तळहातावर तोलला आणि न उघडताच म्हणाला, "इसमें है ही क्या? खाली डिब्बा है, साहब. खुद भी गया, बोर्ड को भी ले गया."

"जोडण्यात काही चूक?" मी विचारलं. त्याने होय म्हणावं असं मला वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते.

"किसने जोड़ा है?"

"मुलीने. बेटी ने."

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि आतल्या वायरींवरून बोट फिरवलं. "इतना साफ काम तो हमारे लड़के नहीं करते. बिटिया की कोई गलती नहीं." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ये डिब्बा किसने चुना?"

बाकी काय काय वाचलंय, एवढंच मी विचारलं. प्रोसेसर, रॅम आणि साठवणीचा भाग वाचला होता. फिल्मही त्यातच होती, शाबूत. मी नवीन मदरबोर्ड घेतला. पॉवर सप्लायचं नाव बघायला पाकिटातून यादीचं ते पान काढलं आणि पहिल्यांदाच उजवीकडचा रकाना वाचला. तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथे लाइट रोज जाते. हा स्वस्तातला घेतला तर एकटा जळत नाही, सगळ्यांना घेऊन जातो. बाबा म्हणतील महाग आहे. पण बाबांना कारण सांगितलं की पटतं.'

मी त्याच नावाचा पॉवर सप्लाय घेतला, दुसरा खोका बघितलाही नाही.

तरीही त्या दिवशी मी खरं बोललो नाही. घरी येऊन सांगितलं, "लाइटच्या झटक्याने गेलं म्हणाला. दुकानदाराने नवीन दिलं." मला वाटलं, ती आता जोडेल, फिल्म पूर्ण होईल आणि विषय संपेल. तिने खोके बघितले, फोडले नाहीत.

"तुम्ही दुकानातूनच जोडून आणा, बाबा."

"अगं, तुला येतं की."

"नाही येत. मला वाटलं होतं येतं."

खोके बुधवारी तसेच होते. गुरुवारी तसेच. पोर्टफोलिओत फिल्मऐवजी जुनी चित्रं टाकते, असं ती आईला म्हणाली. आईने घरातला बल्ब बदलायला सांगितला तर म्हणाली, "बाबा करतील." मी कार्यालयातून आलो की आता पंख्याचा आवाज नसायचा, आणि तो नाही म्हणून मी दारातच थबकायचो. कारागिराला पैसे देऊन जोडून आणणं सोपं होतं. तेवढ्याने फिल्म वेळेत पूर्ण झाली असती. तिचे हात मात्र तसेच आखडलेले राहिले असते.

रविवार आला. पाठवायला चार दिवस होते. दादाचा नेहमीचा फोन, स्पीकरवर, आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी.

"काय म्हणते आमची इंजिनेर?" दादा म्हणाला. "घर तं नाही ना जायलं अजून?"

ती हसली. माझ्यासारखंच हसली, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून. "नाही, मोठे बाबा. मी आता हातच लावत नाही कशाला."

"दादा," मी म्हणालो, "कॉम्प्युटर तिने नाही जाळला."

"अरे, मी मजाक करून राह्यलो."

"मजाक मीच सुरू केला होता. तिने लिहून दिलेला पार्ट मी आणला नाही. स्वस्तातला आणला. कारागीर म्हणाला, त्यानेच सगळं जाळलं. हिचं काम चोख होतं, तेही तो म्हणाला. ते मी घरी सांगितलंच नाही."

तिची आई वाटीत चमचा तसाच धरून बसली. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मला टेबलाकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी तिच्याकडेच बघितलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"तू नेटवर नाव सापडत नाही म्हणालीस ना, तेव्हापासून भीती होती. मंगळवारपासून पक्कं माहीत होतं."

"मी रात्रंदिवस विचार करत होते, बाबा. नेमका कुठे जोर लावला."

"कुठेच नाही." मी पाकिटातलं ते पान काढून तिच्यापुढे ठेवलं. "तू कारण लिहिलं होतंस. मी वाचलं नाही. तुझ्याशी खोटं बोललो, आणि स्वतःची चूक तुझ्या हातांवर टाकली. तुझं काहीही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."