दगडी पाल्याचा अर्क

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी दगडी पाला निवडला, तेव्हा मॅडमनी विचारलं, हाच का? मी सांगितलं, धावड्याला आमच्या शेतात कुणाला विळा लागला की माझी माय बांधावरचा हा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळते. त्यात जंतू मारणारं खरंच काही आहे का, ते मला बघायचंय.

सुट्टीत पिशवीभर पाला तोडून मी घराच्या पत्र्यावर वाळवला. जालन्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्यात उकळून अर्क काढला. जखमेत पू करणारे जंतू काचेच्या प्लेटमधल्या पोषक जेलीवर पसरले, जेलीत मधे छोटे खड्डे पाडून त्यात अर्क सोडला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर जंतू खड्ड्याच्या कडेपर्यंत दाट वाढलेले. तीनदा केलं, तीनदा तेच. मॅडम म्हणाल्या, वेळ कमी आहे, हळद घे, काहीतरी हाती लागेल. मी महिनाभर मुदत मागितली आणि गावी गेले.

माय ओट्यावर कांदे निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाला वाळवला कुठं?"

"पत्र्यावर."

"मंग त्यात राह्यलं काय? मेथीसुद्धा आपण सावलीत वाळवतो."

मला माझीच लाज वाटली. या वेळी पाला घरात, चादरीवर पसरला. पाण्यात न उतरणारे घटकही यावेत म्हणून अर्क अल्कोहोलमध्ये काढला. शेजारच्या खड्ड्यात नुसतं अल्कोहोल ठेवलं, म्हणजे परिणाम त्याचाच नाही ना, हे कळावं. दुसऱ्या दिवशी अर्काच्या खड्ड्याभोवती स्वच्छ, जंतू नसलेलं बारीक कडं दिसलं. अल्कोहोलभोवती काहीच नव्हतं. तरी मी पुन्हा दोनदा करून पाहिलं, मगच मॅडमना बोलावलं.

कडं लहानच होतं. बाजूला ठेवलेल्या अँटिबायोटिकचं त्याहून कितीतरी मोठं. जुलाबाच्या जंतूंवर तर अर्क चाललाच नाही. अर्कात टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड ही वनस्पतींतली रसायनं सापडली, पण जंतूंना नेमकं कोण रोखतं ते कळलं नाही. अहवालात मी सगळं तसंच लिहिलं.

मायला सांगणं जास्त अवघड गेलं. जखम आधी साबणानं धू, खोल असली तर पाला लावू नको, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घे, असं म्हटल्यावर तिनं विचारलं,

"म्हंजी इतके दिवस मी चुकीचंच केलं का?"

"न्हाई माय. पाल्यात गुण हाये. पण थोडा हाये."

"थोडा त थोडा," ती म्हणाली. "पण हाये, हे तू बघितलं न?"

आता मी कॉलेजात शिकवते. तास संपले की त्याच अर्कातले घटक एकेक वेगळे करून तपासते. पहिल्या तीन घटकांनी काहीच केलं नाही. चौथ्याची प्लेट आज सकाळी लावली आहे.