नेटजवळची ओल

तिहोमिर टेनिसमध्ये आला तो पायांनी चालत नव्हे, पाण्याच्या झोतावर बसून. तिसा नदीकाठच्या त्याच्या गावात निदान असंच सांगतात. चौदाव्या वर्षी तो क्लबच्या कुंपणावर चढून तुती चोरत होता. आत क्लबचा नवा राखणदार ल्युबिशा लाल मातीच्या कोर्टांवर पाणी मारत होता. त्याने नुसती नळी वळवली. त्या वेळी हजर असलेले म्हातारे (आणि त्यांची संख्या दरवर्षी वाढतेच आहे) शपथेवर सांगतात, की पोरगा कुंपणावरून उडाला, हवेत त्याने दोन कोलांट्या घेतल्या, नेट ओलांडलं आणि पलीकडच्या रेषेवर बरोब्बर पडला. तोंडातली तुती मात्र सांडली नाही.

"आत!" ल्युबिशा ओरडला. "रेषेला शिवलास! आलाच आहेस तर आता झाडू घे आणि ती रेषा साफ कर."

त्या झाडूपासून तिहोमिरची कारकीर्द सुरू झाली, ती वीस वर्षं चालली. जागतिक क्रमवारीत तो एकदा चारशे बाराव्या नंबरावर पोचला. तो कागद त्याच्या आईने फ्रिजवर लावला होता. पुढच्या आठवड्यात तो चारशे साठवर घसरला, पण आईने कागद बदलला नाही. बल्गेरिया, रुमानिया, मॅसिडोनिया, सगळीकडे तो बसने गेला आणि बहुतेक ठिकाणांहून दुसऱ्याच दिवशी परत आला.

त्याचा खेळ पाहणं ही एक गंमत होती. सर्व्हिस अशी, की चेंडू पोस्टाने पाठवला असता तर लवकर पोचला असता. ताकद नावाची गोष्ट त्याच्याकडे नव्हतीच. पण त्याच्याकडे एक फटका होता. प्रतिस्पर्धी मागच्या रेषेवर दात-ओठ खात उभा असायचा, तिहोमिर मोठी रॅकेट उगारायचा, आणि मग शेवटच्या क्षणी चेंडूला जणू थोपटून झोपवायचा. चेंडू नेटवरून अलगद उतरायचा, खिडकीतून मांजर उतरावं तसा, आणि तिथेच बसायचा. गावात त्या फटक्याचं नावच 'मांजर' होतं. "आज किती मांजरं सोडलीस?" असं बेकरीवाली मिलुंका विचारायची आणि आकड्यावर बुरेकचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, तुकडा मोठा-लहान कापायची.

मांजराचं गुपित दोघांनाच ठाऊक होतं. ल्युबिशा कोर्टाला दोनदा पाणी मारायचा, पहाटे आणि मॅचच्या वीस मिनिटं आधी. दुसऱ्या वेळी तो नेटजवळच्या दोन पावलांच्या पट्ट्यावर नळी जरा जास्त रेंगाळत ठेवायचा. ओल्या मातीत चेंडू उसळतच नसे. तिहोमिरने आयुष्यभर लोकांना जे पाणी पाजलं ते ल्युबिशाच्या नळीतून. परगावी तो हरायचा, घरच्या कोर्टावर मात्र कधीच नाही. याला लबाडी म्हणावं का? तिहोमिरच्या मते ही जिव्हाळ्याची गोष्ट होती. ल्युबिशा त्याचा कूम होता.

कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहणारा, मुलाच्या बाप्तिस्म्याला मूल हातात घेणारा. भावाशी भांडता येतं, कूमशी नाही. त्या गावात म्हणतात, कूम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, की तुटलं तर दुसरं लावलं. आणि कुणी कूम होण्याची विनंती केली तर ती नाकारता येत नाही. नाकारणाऱ्याचं तोंडही कुणी पाहत नाही.

चौतिसाव्या वर्षी तिहोमिरने जाहीर केलं की हा शेवटचा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात गावात प्रथमच मोठी स्पर्धा आली होती. पात्रता फेरीतला एक सामना जिंकला की मुख्य स्पर्धेत प्रवेश, आणि फाटकावरच्या लाकडी पाटीवर रंगात नाव. वीस वर्षांत त्याचं नाव कुठल्याच मोठ्या स्पर्धेच्या पाटीवर आलं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं. एकदा, आपल्या गावात, आईला ती पाटी दाखवायची.

"नावात अक्षरं किती आहेत तुझ्या!" पाटीला पांढरा रंग देत ल्युबिशा म्हणाला होता. "तुझ्यासाठी मला बारीक ब्रश आणावा लागणार, कूमा."

"आण. आणि त्या दिवशी पट्ट्याला हात सैल सोड."

"ते काय सांगायला हवं?"

समोर सुबोतित्सा शहराचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता. चेंडू असा मारायचा, की जणू चेंडूने त्याच्या आजोबांची जमीन लाटली आहे. त्याचा बाप नेदेल्को बियाण्यांचा व्यापारी. गेला महिनाभर तो क्लबात, विशेषतः पाणी मारायच्या वेळी, वरचेवर दिसत होता, पण तिहोमिरला तेव्हा कुठे पाणी मुरतंय याची शंका आली नाही.

सामन्याच्या पहिल्याच गेममध्ये तिहोमिरने मांजर सोडलं. मांजर उतरलं, बसलं नाही, चांगलं कमरेएवढं उडालं. पोरगा धावत आला आणि त्याने ते असं हाणलं की कुंपणाच्या जाळीत रुतून बसलं. तिहोमिरने पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. त्याने वाकून नेटजवळची माती चिमटीत घेतली. ती पिठासारखी निसटली. वर पाहिलं तर ल्युबिशा नळीच्या गुंडाळीवर बसून आपल्या बुटांकडे बघत होता. वीस वर्षांत मॅच चालू असताना तो बुटांकडे बघताना कुणी पाहिला नव्हता.

सहा-दोन, सहा-एक. अठ्ठेचाळीस मिनिटं.

टॉवेल खांद्यावर टाकून तिहोमिर थेट त्याच्याकडे गेला.

"नळीला भोक पडलं होतं का?"

"नाही."

"विहीर आटली?"

"तिहो, ऐक ना."

"मग सांग काय झालं. तू विसरलास असं सांग. मी विश्वास ठेवीन, आत्ता, या क्षणी."

ल्युबिशाला खोटं बोलता येत नव्हतं, हीच पंचाईत होती. "नेदेल्कोला मुलगी झाली," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात तो घरी आला. बाप्तिस्म्याला कूम हो म्हणाला. नाही कसं म्हणू? मग परवा म्हणाला, कूमा, पोराचं पहिलं मोठं वर्ष आहे, कोर्ट जरा कोरडं राहू दे."

"आणि मी?"

"तूही कूम."

"मी आधीचा!"

"कूममध्ये आधीचा-नंतरचा नसतो रे. बाप्तिस्मा करणाऱ्या पाद्र्यालाच विचारलं मी. तो म्हणाला, दोघंही सारखे. मग मी म्हटलं, पहाटे मारतो पाणी, तुझ्यासाठी. दुपारचं नको, त्याच्यासाठी. अर्धं-अर्धं केलं, तिहो."

"काय घेतलंस त्याच्याकडून?"

"देवाशपथ, काही नाही! एक सुकं फळ नाही."

यानेच तिहोमिर जास्त हादरला. लाच घेतली असती तर शिवी देता आली असती, क्लबच्या सभेत ओरडता आलं असतं. इथे कुणी काहीच घेतलं नव्हतं. ज्या नियमाने ल्युबिशा वीस वर्षं त्याच्यासाठी पाणी मारत होता, त्याच नियमाने त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर डोळे पाणावून विचारत होता, "तूच सांग, मी काय करायला हवं होतं?"

"मला आदल्या दिवशी सांगायचंस," तिहोमिर म्हणाला. "मी मांजरं घरी ठेवून आलो असतो."

 हे ल्युबिशाला सुचलंच नव्हतं.

बेकरीत त्या दिवशी मिलुंकाने काही विचारलं नाही. बुरेक मात्र अख्खं दिलं, आणि तिहोमिरला त्याचाच जास्त राग आला.

कूमकडे त्याच्या घराण्याच्या संताच्या सणाला बोलावणं लागत नाही; जावंच लागतं. तिहोमिर दरवर्षी जातो. ल्युबिशाच्या उजव्या हाताला तो बसतो, डाव्या हाताला नेदेल्को. शिजवलेला गहू, माशाचा रस्सा, खसखशीचा रोल, मग पुन्हा रस्सा. पावसाबद्दल बोलतात, पाण्याबद्दल नाही.

स्पर्धा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेली. पाटी ल्युबिशाने घरी नेली. तिचं आता कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं आहे.